चार आया

शँडीननं निवेदन मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर होस्कीनं हात वर केला.

"थांब. ते वाक्य परत वाच."

शँडीननं एक सुस्कारा सोडला. आजोबा याच वाक्याला अडणार हे तिला सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. म्हणून तर तिनं हे निवेदन त्यांना सुनावणीच्या दिवशी, ऐन वेळेला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. वकिली शिकून आलेली पोरगी, तेवढी लबाडी अंगात मुरलेलीच होती.

"'मार्च एकाहत्तरमध्ये अर्जदाराची मावशी वारली,'" तिनं वाचलं, "'आणि भाषेच्या गोंधळामुळे तारेत मावशीच्या जागी आई हा शब्द पडला.'"

"मावशी," होस्की म्हणाला. पंच्याहत्तरीचा माणूस, पण घासात खडा आल्यासारखं तोंड केलं त्यानं. "ही कोण बाई? आपल्या घरी कधी आली होती?"

"आजोबा, सरकारी भाषेत..."

"सरकारी भाषेत मी नकोसा आहे. तेवढं पुरे नाही?"

हे चाललं होतं होस्कीच्या बहिणीच्या, बेसीच्या स्वयंपाकघरात. शेगडीपाशी खोक्यात ठेवलेली दोन कोकरं ओरडत होती. पहाटे मेंढीनं त्यांना हुंगलं आणि लाथेनं दूर लोटलं, म्हणून बेसीनं उचलून आत आणली होती. मार्चात आमच्या आदिवासी वस्तीत प्रत्येक घरात असं एखादं तरी खोकं असतंच.

नकोसा हा शब्द होस्कीनं स्वतःच्या मनानं काढलेला नव्हता. लष्करातून त्याला बाहेर काढलं तेव्हा कागदावर नेमका तोच शिक्का होता. बदमाश नव्हे, गुन्हेगार नव्हे, नकोसा. व्हिएतनामला वर्षभर राहून, खांद्यात लोखंड घेऊन आलेला माणूस नकोसा. तो शिक्का पुसून मिळावा म्हणूनच आजची सुनावणी होती. त्या शिक्क्यानं लष्करी दवाखाना गेला, मेल्यावर पेटीवर घालायचा झेंडा गेला. पण त्याचं त्याला एवढं नव्हतं. आमच्या लोकांत लग्न असो, शाळेचा सामना असो की बारसं, आधी माजी सैनिकांना उभं राहायला सांगतात आणि सगळा मांडव टाळ्या वाजवतो. त्रेपन्न वर्षं ती वेळ आली की होस्की म्हणायचा, "जरा ट्रक बघून येतो," आणि बाहेर जायचा. त्या ट्रकएवढी चौकशी जगात कुठल्या ट्रकची झाली नसेल.

"एका शब्दासाठी?" दाराशी उभा असलेला नॉर्मन बोलला. "पोरीनं सहा महिने मरमर केली. हातातोंडाशी घास यावा तसं काम होत आलंय, आणि तू एका शब्दासाठी अडून बसणार?"

नॉर्मन होस्कीचा पाठचा भाऊ. बावीस वर्षं लष्करात, सार्जंट होऊन निवृत्त, इथल्या माजी सैनिकांचा म्होरक्या. झेंडा तोच धरतो. त्याच्या टोपीवरच्या पट्ट्या दुपारच्या उन्हात बघवत नाहीत. पन्नास वर्षांत त्यानं होस्कीला 'दादा' म्हटलं नव्हतं. हाक मारायची वेळ आलीच तर 'ए' म्हणायचा नाही तर नुसतं खाकरायचा. आज आला होता तेही बेसीनं दम दिला म्हणून, आणि सुनावणी संगणकावर व्हायची, तिला लागणारी इंटरनेटची तबकडी त्याच्याच ट्रकवर होती म्हणून.

"तुला कोणी विचारलं?" होस्की म्हणाला.

"मला कोणी विचारत नाही तेच बरं. विचारलं तर खरं सांगावं लागेल. मी शाळेच्या वसतिगृहात होतो. घरी आलो तेव्हा माझा भाऊ पळपुटा झालेला होता. पुढे मी जिथं जाईन तिथं, अट्टाकाय आडनाव म्हणजे त्या पळपुट्याच्या घरचाच का रे, असं ऐकलं मी."

"नॉर्मन!" बेसी ओरडली. "कॉफी घे आणि तोंड बंद ठेव. नाही तर तळलेली रोटी घाल तोंडात. पण बंद ठेव."

सदुसष्ट वर्षांची बेसी कणकेचा गोळा हातावर थापत होती आणि थापता थापता रोटीला भोक पडलं होतं, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. एकाहत्तरमध्ये जी वारली ती बेसीची जन्मदाती आई. होस्की आणि नॉर्मनची जन्मदाती ही तिची थोरली बहीण. क्षयाच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं पडून होती, आणि दोन्ही पोरांना धाकटीनंच वाढवलं. आमच्यात आईच्या बहिणीला आईच म्हणतात. थोरली आई, धाकटी आई, त्याहून धाकटी आई. दुसरा शब्दच नाही. माय मरो मावशी जगो, असं बाकीचे म्हणतात. होस्कीच्या नशिबी आधी एक गेली आणि दोन वर्षांत दुसरीही.

बेसीला बोलायचं होतं. पण गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला हाक दिल्यासारखं होतं, हे तिला लहानपणापासून माहीत. आणि नाव न घेता जे सांगायचं ते कसं सांगावं, हे तिला त्रेपन्न वर्षांत सुचलं नव्हतं.

शेगडीजवळच्या खुर्चीत चादर पांघरून चौथी आई बसली होती. चार बहिणींतली शेंडेफळ, वय एक्याण्णव, कान जवळजवळ गेलेले. तिनं विचारलं, "भांडतायत का?"

"नाही आई," बेसी तिच्या कानाशी ओरडली. "बोलतायत."

"मग मोठ्यानं बोला म्हणावं. मजा येत नाही."

तेवढ्यात शँडीनच्या संगणकानं टिंग केलं.

*

पडद्यावर लष्कराच्या मंडळाची तीन डोकी होती. मध्ये पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात अडकवलेली बाई, ती अध्यक्ष. एका बाजूला टकला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला तरुण माणूस, पुढ्यात कागदांचा ढीग. नॉर्मननं त्यांना पाहिलं आणि सवयीनं पाठ ताठ केली. आपण पडद्यात दिसू नये म्हणून तो भिंतीकडे सरकला.

"श्री. अट्टाकाय," अध्यक्ष म्हणाल्या, "आपण सदतीस दिवस गैरहजर होतात."

"होय."

"आणि मग?"

"मग परत गेलो."

"पकडून नेलं?"

"नाही. बसनं गेलो. फाटकावर नाव सांगितलं. पहारेकऱ्याला माझं नाव लिहिता येईना, म्हणून मीच लिहून दिलं."

टकल्या गृहस्थानं खाली बघून हसू लपवलं. नॉर्मनला ते नवं होतं. पोलीस येऊन घेऊन गेले असं त्याला वसतिगृहात कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्यानं ते इतकी वर्षं खरं धरलं होतं.

"सदतीस दिवसच का?"

"कोकरं व्हायची होती. घरात चौदा वर्षांची बहीण एकटी आणि एकशे दहा मेंढ्या. शेवटची मेंढी व्याली, दुसऱ्या दिवशी निघालो."

अध्यक्षांनी एक कागद उचलला. "आपल्या कंपनीच्या कॅप्टननं लिहिलेली नोंद आहे. ती मला वाचून दाखवायची आहे. 'सदर शिपायाने एकोणसत्तर साली आई वारल्याचे सांगून रजा घेतली होती. आता पुन्हा आई वारल्याचे सांगून रजा मागत आहे. तुला आया आहेत तरी किती, असे विचारले असता त्याने चार असे उत्तर दिले. खोटारडा व उद्धट. रजा नामंजूर.'" त्यांनी चष्मा काढला. "श्री. अट्टाकाय, आपण थट्टा करत होतात का?"

"नाही बाई. चूक झाली खरी." होस्की गंभीरपणे म्हणाला. "दोन तेव्हा गेल्या होत्या. दोन म्हणायला हवं होतं."

कोणी हसलं नाही. शँडीननं तोंडावर हात ठेवला. तरुण सदस्यानं घसा साफ केला. "आपल्या लेखी निवेदनात मात्र असं दिसतं, की ती मावशी होती आणि भाषेचा गोंधळ झाला. तसं असेल तर मामला बराच सोपा होतो. तसं होतं का?"

ही सोपी वाट. शँडीननं सहा महिने खपून ती काढली होती. तिनं आजोबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. तू म्हणशील ते, असं होतं त्यात. तिला तेच सोसलं नाही.

"निवेदनाचं दुसरं पान मी मागे घेते," ती म्हणाली. "ते शब्द माझे होते, यांचे नव्हेत. गोंधळ झाला नव्हता. तारेत लिहिलं तेच खरं होतं."

"तार कोणी पाठवली होती?"

"मी," बेसी म्हणाली.

पिठाच्या हातांनीच ती होस्कीच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मी चौदा वर्षांची होते. बारा मैल चालत दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, आई गेली, दादा, घरी ये. तो म्हणाला, तुझी की त्याची? मी म्हटलं, आमची." तिचा आवाज फाटला. "मी तुझी म्हटलं असतं तर? एवढासा शब्द. दादा, त्या शब्दानं तुझं वाटोळं केलं आणि मी तोंड उघडलं नाही."

"गप ग," होस्की हळूच म्हणाला. "बरोबरच होतं ते."

"पण आपल्याला संधी नव्हती का?" अध्यक्षांनी विचारलं. "कॅप्टनला समजावून सांगायची?"

खोक्यातलं कोकरू बें बें करायला लागलं. होस्कीनं खाली वाकून त्याच्या तोंडात बोट दिलं आणि मग बोलायला लागला.

"होती. मी परत गेल्यावर त्यानं विचारलं. त्याला तोवर कोणीतरी सांगितलं होतं. तो म्हणाला, अरे, ती तर तुझी मावशी. लिहून दे, ती माझी आई नव्हती, मावशी होती, माझं चुकलं. लिहून दिलंस तर हा कागद मी फाडतो. कागद आणि पेन पुढे केला त्यानं. माणूस वाईट नव्हता."

"आणि आपण?"

"मी दोन वर्षांचा होतो तेव्हा ती मला पाठीला बांधून मेंढ्यांमागं फिरायची. घरात एकच पांघरूण होतं, ते आम्हा भावांना. तिला पुरून अजून दोन महिने झाले नव्हते." त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत. "ती माझी आई नव्हती, असं लिहू? ती मेली म्हणून? तिला आता कळणार नाही म्हणून? मी पेन ठेवला. मग त्यानं शिक्का मारला."

नॉर्मनला आता कळलं. इतकी वर्षं आपण ज्याला डाग म्हणत आलो तो हा होता. आपल्याही आईसाठी. तिनं पाठीला बांधलं ते दोघांनाही. आणि आपण झेंडा घेऊन पुढं चालत राहिलो, आणि हा ट्रक बघत राहिला. त्याला तिथून निघून जावंसं वाटलं. तो मागे सरकला आणि त्याचं डोकं भिंतीवरच्या चौकटीवर आपटलं.

ती चौकट एकोणतीस वर्षं तिथं होती. धूळ पुसताना बेसी ती पुसायची, बाकी कोणी तिच्याकडे बघायचंही नाही. नॉर्मननं वळून बघितलं, वाचलं, आणि मोठ्यानं शिवी हासडली.

"कोण आहे ते?" अध्यक्षांनी विचारलं.

नॉर्मन चौकट खिळ्यावरून काढून पुढं आला. टोपी काढली. "सार्जंट नॉर्मन अट्टाकाय, निवृत्त. हा माझा थोरला भाऊ. मला बोलायचंय."

"बोला."

"मी त्र्याहत्तर साली भरती झालो. अर्जावर आईचं नाव विचारलं होतं. तोवर आमच्या दोन आया गेल्या होत्या. मी तिसरीचं नाव लिहिलं. मला कोणी विचारलं नाही, ही कितवी. बावीस वर्षं माझी खुशाली तिला कळवली गेली. आणि मी निवृत्त झालो तेव्हा लष्करानं तिला हे मानपत्र पाठवलं." त्यानं चौकट कॅमेऱ्यासमोर धरली, बेसीनं खालून आधार दिला. "तिचं नाव मी घेणार नाही. गेलेल्यांचं नाव आम्ही घेत नाही. तुम्हीच वाचा."

अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ येऊन वाचलं, "'सार्जंट नॉर्मन अट्टाकाय यांच्या मातोश्री, श्रीमती...'" आणि तिथं त्या थांबल्या. नाव त्यांनी मनात वाचलं. मग हातातल्या कागदात दोघा भावांची जन्मदाती शोधली, ते नाव बघितलं, आणि पुन्हा चौकटीकडे बघितलं.

"हे नाव वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"वेगळंच असणार. मी लिहिली ती आई आणि त्यानं सांगितली ती आई, दोघी सख्ख्या बहिणी. माझी आई लष्कराला चालली. त्याची का नाही? शब्द तोच होता बाई. त्याच घरातला. मला सलाम मिळाला आणि माझ्या दादाला..."

दादा हा शब्द स्वयंपाकघरात पडला आणि होस्कीनं मान वर केली. ते बेसीनं बघितलं. सुनावणीचं काय व्हायचं ते होवो, तिच्या मते दिवस तिथंच जिंकला होता.

"मंडळाचा आणखी एकच प्रश्न," टकला गृहस्थ पहिल्यांदाच बोलला. "श्री. अट्टाकाय, आज किती आया आहेत आपल्याला?"

"एक," होस्कीनं शेगडीकडे बोट दाखवलं. शँडीननं कॅमेरा वळवला. चौथी आई चादरीत पेंगत होती. बेसीनं तिला हलवलं.

"आई, ते लोक बघतायत तुझ्याकडं. लष्कराचे."

"कोण लष्कराचे?" तिनं पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि आपल्या भाषेत चार वाक्यं सुनावली.

"काय म्हणाल्या त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

शँडीननं जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाली, माझ्या पोराला तुम्ही धड परत पाठवला नाहीत. नेलात तसा परत द्या. आणि जेवला का विचारा त्या टकल्याला, चेहरा उतरलाय."

*

पत्र सप्टेंबरात आलं. टपालखात्याच्या पेटीतून बेसीनंच ते काढलं आणि तिथंच, गाडीच्या टपावर ठेवून फोडलं. वकिलाला विचारायची तिला गरज पडली नाही. 'सन्मानपूर्वक' हा एक इंग्रजी शब्द या घरात शेंबड्या पोरालाही वाचता यायचा. तिनं गाडीचा भोंगा दाबला तो पोस्टमास्तर बाहेर येईपर्यंत सोडला नाही. होस्कीनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि वारा फार आहे असं तो म्हणाला. वारा नव्हता.

नोव्हेंबरात वस्तीच्या सभागृहात माजी सैनिकांचं वार्षिक जेवण होतं. मटणाचा रस्सा, मका, रोट्यांच्या चळती, दीडशे माणूस. नॉर्मन दाराकडून झेंडा घेऊन आला, मधोमध ठाण मांडून उभा राहिला. झेंडा धरणाऱ्यानं मान हलवायची नसते. बावीस वर्षं लष्करात आणि एकोणतीस वर्षं इथं, त्याची कधी हलली नव्हती.

"आपले माजी सैनिक," ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "उभे राहा."

खुर्च्या वाजल्या. होस्की उठला. हात सवयीनं खिशात गेला, किल्ल्या निघाल्या, आणि पाय दाराकडे वळले. त्याचं त्यालाही कळलं नाही. त्रेपन्न वर्षांची सवय, पत्रानं एका दिवसात थोडीच जाते.

त्याची बाही कोणीतरी धरली. शेजारच्या खुर्चीतून चौथ्या आईनं हात लांब केला होता.

"कुठं?"

"ट्रक," होस्की म्हणाला. "जरा ट्रक..."

तिनं त्याच्या मुठीतून किल्ल्या काढून घेतल्या आणि आपल्या झग्याच्या खिशात टाकल्या. "ट्रकला काही झालेलं नाही. उभा राहा."

होस्की उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या. बेसी रडत होती आणि रडता रडता शेजारणीला सांगत होती, तो माझा दादा, निळ्या शर्टातला, तोच. शँडीन बाकावर चढली होती. आणि मधोमध झेंडा तसाच ताठ होता, पण नॉर्मनची मान वळली होती. सगळ्या वस्तीनं ते बघितलं. अजून त्याला त्यावरून चिडवतात.

ध्वनिक्षेपक हातोहात फिरत आला. ज्यानं त्यानं आपलं कूळ आणि नाव सांगायचं, ही रीत. होस्कीनं तो दोन्ही हातांनी धरला.

"आईकडून मी कडूपाण्याचा. बापाकडून लालघराचा. होस्की अट्टाकाय." तो थांबला. लोकांना वाटलं झालं. "मला चार आया."

सभागृहात मोठा हशा पिकला. हसणाऱ्यांत बहुतेकांना तेवढ्याच होत्या.

"धन्यवाद," आवाज आला. "सैनिकांनी बसावं."

खुर्च्या पुन्हा वाजल्या. एकेक करून सगळे बसले. होस्की बसला नाही. हात बाजूला, छाती वर, डोळे समोर, निळ्या शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. तो उभाच राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. वाढपी पातेली घेऊन खोळंबले. रस्सा निवत होता. ध्वनिक्षेपकवाल्यानं चौथ्या आईकडे पाहून भुवया उडवल्या, सांगू का बसायला, अशा अर्थानं.

"राहू दे उभा," ती म्हणाली. "त्याचं बरंच राहिलंय."